बदलीकर

बदलीच्या गावी एकट्यानं बिऱ्हाड केलेला सरकारी माणूस आठवडी बाजारात लगेच ओळखू येतो. पायांत ऑफिसचेच बूट, खिशाला पेन आणि हातात बायकोनं दिलेली, चार माणसांच्या मापाची पिशवी. तो बाजारात आल्या आल्या काही घेत नाही. दिवे लागेपर्यंत नुसता फिरतो. शेतकऱ्यांना परतीच्या गाडीची घाई झाली की वीसचा वाटा दहावर येतो, हे ज्ञान त्याला नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत झालेलं नव्हतं. पुण्यात असताना भेंडी किलोवर मिळते की डझनावर, हेही त्याला सांगता आलं नसतं.

हा बदलीकर बहुधा वर्ग दोनचा. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानं एका पदावर साधारण तीन वर्षं. ती भरली आणि एप्रिल-मे उजाडला की पुण्याचा माणूस वाशीमला. मुलगा बारावीला, मुलगी आठवीला, फ्लॅटचे हप्ते चालू. त्यामुळे संसार हलत नाही, फक्त हा हलतो. हप्ता, क्लासची फी आणि इथलं खोलीभाडं वजा जाता जे उरतं, त्याला तो 'आकस्मिक खर्च' म्हणतो आणि त्यात जेवतो.

पहिला महिना खानावळीत जातो. मग आम्लपित्त आणि बिल दोन्ही एकदमच वर येतात. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी निघाली, तेव्हा दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात 10 रुपयांत मिळू लागला. याहून स्वस्त आपल्याला शिजवता येणार नाही, हे त्यानं कागदावर मांडूनही पाहिलं होतं. पण रांगेत पुढं त्याच्याच ऑफिसचा शिपाई उभा होता. साहेबांनी घड्याळात पाहिलं, कुणाची तरी वाट बघितल्यासारखं केलं आणि ते खोलीवर आले. त्या दिवसापासून कुकर.

एकट्या माणसाला भावापेक्षा आकार नडतो. कोबीचा गड्डा देवानं कुटुंबवत्सल माणसांसाठी केला आहे. सोमवारी भाजी, मंगळवारी पचडी, बुधवारी डाळ घालून, गुरुवारी थालीपिठात, शुक्रवारी मॅगीत. शनिवारी उरलेला दांडा समोरच्या गायीपुढं. ती हुंगते आणि निघून जाते. म्हणून त्याचा सगळा जीव लाल भोपळ्यावर. भोपळा फोडीनं मिळतो.

"पाव किलोची फोड द्या."

"एवढ्याशा फोडीनं काय होते साहेब? सांभार न्या न सोबत."

सांभार म्हणजे कोथिंबीर. ती फुकट आहे का, असं तो विचारत नाही. पिशवीचं तोंड उघडून धरतो. याच माणसानं दुपारी कंत्राटदाराचं बिल तीन त्रुटी काढून परत पाठवलेलं असतं.

तूरडाळ महाग, शिवाय शिजायला जास्त शिट्ट्या खाते, म्हणून मसूर. कुकरच्या खालच्या भांड्यात वरण, वरच्यात भात आणि भातात खुपसलेला बटाटा. मेनू सांगताना हे तीन पदार्थ धरायचे. मोबाइलवर पाहिलेली कृती चार जणांची असते, ती तो वहीत उतरवून रीतसर चारानं भागतो. पाव चमचा हळदीपर्यंत गाडी जाते, चिमूटभर हिंगाशी थांबते. मीठ मात्र भागायचं राहून जातं.

सगळं फसलं की पिठलं. राज्याचं निम्मं प्रशासन पिठल्यावर चालतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. भाकरी थापता येत नाही, तेव्हा कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून तीन पोळ्या. पण चौथी घेतली तर सकाळी तिचा कुस्करा होतो, म्हणजे नाश्त्याचा खर्च वाचतो. पैसे वाचवण्यासाठी तो रोज एक पोळी जास्त घेतो.

महिन्यातून एकदा रात्रीच्या गाडीनं घरी. सकाळी चहा व्हायच्या आत फ्रीजची तपासणी. "ही अर्धी जुडी सडली! केवढ्याची होती?" बायको शांतपणे म्हणते, "अहो, पाणी तापलंय, आंघोळीला जा." हेच हिशेब ती अठरा वर्षं वहीशिवाय करत आलेली असते. दुपारी तो तिला कुकरमध्ये बटाटा कुठं खुपसायचा ते शिकवतो. संध्याकाळपर्यंत मुलगी हळूच विचारते, "आई, बाबांची गाडी किती वाजता आहे?"

निघताना पिशवीत भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बसतं. या डब्यांची नोंद त्याच्या वहीत कुठंच होत नाही. म्हणूनच त्याचा महिन्याचा ताळा इतका सुरेख जुळतो आणि सोमवारी ऑफिसात तो म्हणू शकतो, "माणसाला लागतं तरी किती हो?"

तीन वर्षांनी पुण्याची ऑर्डर येते. जागेवर नाशिकहून आलेला नवा माणूसही एकटाच. ऑफिसचा चार्ज अर्ध्या तासात उरकतो. खोलीच्या चार्जला रविवार लागतो. कुकर, घसारा वजा जाता इतके. पोळपाट, न वापरलेला, म्हणून पूर्ण किमतीला. अर्धा पुडा मोहरी सदिच्छा म्हणून. सिलिंडर दोघं मिळून वाण्याच्या काट्यावर नेतात. टाकीवर रिकामं वजन लिहिलेलं असतंच. ते वजा केल्यावर 14.2 किलोपैकी साडेपाच किलो गॅस निघतो. बदलीकर वहीत त्रैराशिक मांडतो.

नवा माणूस वाकून ती मांडणी वाचतो, खिशाचं पेन काढतो आणि म्हणतो, "साहेब, ही टाकी घरगुती दिसते. तुम्ही कमर्शियलचा भाव लावलाय."