पॉइंटांतला ओलावा

आमच्या टीमचा वेग परवापरवापर्यंत ३४ होता. ताशी नव्हे, पंधरवड्याला; आणि किलोमीटर नव्हे, पॉइंट. पॉइंट म्हणजे किती तास, हे विचारायचं नसतं. 'पॉइंटाचा तासांशी काडीचा संबंध नाही' असं प्रशिक्षणात बजावून सांगतात, आणि प्रशिक्षण संपलं की सांगणाराच हळूच विचारतो, "म्हणजे साधारण दीड दिवस ना?" पॉइंट हे कामाचं वजन. हे काम त्या कामापेक्षा किती जड, एवढंच त्यातून कळावं अशी अपेक्षा. ही कल्पना ज्यांच्या नावावर जमा आहे त्या रॉन जेफ्रीज यांनी २०१९ साली लिहून टाकलं की पॉइंट बहुधा मीच काढले असतील, आणि काढले असतील तर आता वाईट वाटतं. बापाने हात झटकले, पण पोर आमच्या पंक्तीला जेवतंच आहे.

वजन ठरवतात ते पत्त्यांवर. प्लॅनिंग पोकर नावाचा हा खेळ जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडला. काम वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी एकदम पत्ता उघडायचा, म्हणजे सीनियरचा पत्ता बघून ज्युनियरने आपला ठरवू नये. हेतू उत्तम. पण आमचा ज्युनियर सीनियरचा पत्ता चेहऱ्यावरून ओळखतो, आणि कॅमेरा बंद असला तर खोकल्यावरून. पत्त्यांवर १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे. हे इटलीच्या फिबोनाचीचे, असं आम्हाला शिकवतात. त्याचं पुस्तक १२०२ चं. त्याच्या अर्धशतक आधी आमच्या शेजारच्या गुजरातेत आचार्य हेमचंद्रांनी छंदातल्या लघु-गुरूंच्या मांडण्या मोजताना हेच आकडे सांगितले होते. कवितेसाठी निघालेल्या हिशेबावर आम्ही लॉगिनच्या पानाचं वजन करतो. असो.

पंधरवडा संपला की पूर्ण झालेल्या कामांच्या पॉइंटांची बेरीज करायची. हा टीमचा वेग. असे पंधरवडे ओळीने मांडले की होतो व्हेलॉसिटी चार्ट. जिरा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यात दर पंधरवड्याचे दोन खांब दिसतात: करू म्हणालो तो करडा, केलं तो हिरवा. आमच्या चार्टात करडा नेहमी हिरव्यापेक्षा हातभर उंच. लग्नात थोरल्या भावाशेजारी फोटोला उभा केलेला धाकटा दिसावा, तसा हिरवा खांब दिसतो.

हा चार्ट मी पुष्कळदा गावाहून बघतो. रनाळे हे नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधलं, भुसावळ-सुरत रेल्वेमार्गावरचं आमचं गाव. २०२० च्या टाळेबंदीत लॅपटॉप पोटाशी धरून हिंजवडीतून जी पोरं गावी पळाली, त्यांतला मी एक. टाळेबंदी उठली, पण तोवर मला पुन्हा कळण्याच्या भाकरीची सवय लागली होती आणि कंपनीला माझ्या खुर्चीचं भाडं वाचवायची. त्यामुळे कापसाच्या दिवसांत मी अजूनही इथूनच काम करतो. नेटवर्क ओट्यावर चांगलं येतं, म्हणून मीटिंगा ओट्यावर. आणि ओट्यावर आप्पा, म्हणजे माझे चुलते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण तीन दिवस ऐकून त्यांना आमच्या सकाळच्या मीटिंगचं सार समजलं होतं: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे.

"मुकादम बी हाईच इचारस," ते म्हणाले.

मी त्यांना चार्ट दाखवला. करडा, हिरवा, सगळं समजावलं. एक काम नव्वद टक्के झालं होतं, पण त्याचा पॉइंट शून्य धरला, हेही सांगितलं. मला वाटलं, आप्पा हळहळतील. माझी स्वतःची हळहळ अजून संपलेली नव्हती. त्या ८ पॉइंटांच्या कामातलं फक्त टेस्टिंग राहिलं होतं.

"बरोबर शे," आप्पा म्हणाले. "कापूस झाडवर शे, गठडीमा नही. आम्ही तो मोजतस नही. अर्धं बोंड कोनी वेचस का?"

जी गोष्ट गळी उतरवायला आमच्या कंपनीने बाहेरून कोच बोलावला होता, ती आप्पांनी तंबाखू मळता मळता मान्य केली. मग त्यांनी बंडीच्या खिशातून आपली वही काढली. कापसाच्या वेचणीला मजुरी किलोवर असते. संध्याकाळी बांधावर काटा टांगतात, प्रत्येकीची गठडी त्याला अडकवतात, आणि आप्पा नावापुढे किलो लिहितात. पेन्सिल बोटभर उरलेली, तिचं टोक जिभेला लावून. वहीत खाडाखोड नाही. उद्या किती बायका सांगायच्या, टेम्पो कधी बोलवायचा, घरात कापूस टाकायला किती जागा करायची, हे सगळं त्या वहीवर ठरतं. 'करू म्हणालो' हा रकानाच तिथे नाही. काल तीन क्विंटल निघाला, तर उद्याही तीनच्या आसपास निघेल. केंट बेक आणि मार्टिन फाउलर यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीतल्या नियोजनावर पुस्तक लिहिलं, त्यात हाच नियम आहे. त्यांनी त्याला 'कालचं हवामान' म्हटलं आहे. उद्याचा अंदाज हवा असेल तर कालचा दिवस बघा, स्वप्नं बघू नका.

आमच्याकडे या नियमाचं पुढे झालं मागच्या तीन पंधरवड्यांची सरासरी. सरासरी काढली की माणसाला गणित केल्याचं समाधान मिळतं आणि विचार करायची गरज उरत नाही. आप्पांना सरासरीचं कौतुक नाही. पहिली वेचणी दसऱ्याच्या सुमाराची, झाडाची खालची बोंडं तेवढी फुटलेली, हलकी. दुसरी दिवाळीच्या पुढची, भरघोस. तिसरी मधली. समजा ३, ९ आणि ६ क्विंटल निघाला. सरासरी ६. या सहाच्या भरवशावर चौथ्या वेचणीला मोठा टेम्पो सांगितला, तर तो अर्धा रिकामा जाईल आणि भाडं मात्र पूर्ण घेईल. म्हणून आप्पा टेम्पो सांगण्याआधी वही मिटतात आणि शेतात चक्कर मारून येतात. आमच्याकडे चक्कर मारायला शेत नाही. पुढच्या पंधरवड्यात कोण रजेवर आहे, कोणतं काम नव्या सर्व्हरवर जाणार आहे, कोणाच्या बायकोची तारीख जवळ आली आहे, एवढं विचारलं तरी पुरे. पण हे विचारायला तोंड उघडावं लागतं, सरासरी एका क्लिकवर येते.

श्रावणात आमचा खांब दरवर्षी कोसळतो. टीममध्ये खानदेशातले बरेच. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, सोमवारी सकाळी नाचत-गाजत विसर्जन, आणि मंगळवारी माणूस घरात असला तरी कामाचा नसतो. या घसरणीचं मूळ शोधायला एकदा खास बैठक झाली. तांत्रिक कारणं फळ्यावर लिहून झाली, बाण काढून झाले. धुळ्याच्या एकाने चॅटमध्ये नुसतं 'कानबाई' असं लिहिलं. त्यावर बंगळूरहून विचारणा आली, की हा सर्व्हर कोण सांभाळतं?

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे. गंमत पुढे सुरू होते, चार्ट वर जातो तेव्हा. वर म्हणजे वरिष्ठांकडे. दुसऱ्या टीमचा वेग ६० आहे, तुमचा ३४ कसा, असा प्रश्न खाली येतो. आता त्यांचा पॉइंट आणि आमचा पॉइंट म्हणजे दोन वेगवेगळे काटे. त्यांच्याकडे लॉगिनचं पान ८ चं असेल, आमच्याकडे ३ चं. पण स्लाइडवर ६० शेजारी ३४ आला की कोण लंगडा ते ठरलेलंच. ठराव झाला की पुढच्या तिमाहीत वेग ४० वर न्यायचा.

आणि गेला. कुणी जास्त बसलं नाही, कुणी जास्त हुशार झालं नाही. जे काम कालपर्यंत ३ चं होतं ते पत्त्यांवर ५ चं उघडू लागलं, ५ चं ८ चं. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती एकवाक्यता बघून एखाद्या भजनी मंडळाने तोंडात बोट घातलं असतं. मॅनेजरांनी अभिनंदनाचा मेल पाठवला, त्यात रॉकेटचं चित्र होतं.

हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. पहाटे दव पडलेलं असतं तेव्हा वेचलेला कापूस काट्यावर जड भरतो. किलोवर मजुरी असली की सूर्य उगवायच्या आत पात धरणं शहाणपणाचंच. काटा पैसे देतो, आणि काट्याला ओलं-कोरडं कळत नाही. वेचणाऱ्या बायकांना आप्पा कधी बोल लावत नाहीत. ते फक्त दव वाळल्यावर वेचणी सुरू करतात आणि भाव थोडा वाढवून देतात. नाहीतर तोच ओलावा पुढे त्यांना भोवतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र असतं: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ पर्यंत कपात, आणि १२ च्या वर कापूस परत. चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाबद्दल जे म्हटलं, त्याचा लोकांनी पुढे असा सारांश केला की मापालाच लक्ष्य केलं की ते माप म्हणून कामाचं उरत नाही. गुडहार्टांना एवढं अर्थशास्त्र लागलं. नोव्हेंबरातली पहाट बघायला रनाळ्याला आले असते तर काम लवकर झालं असतं.

पॉइंटांतला ओलावा मोजायचं यंत्र मात्र अजून कुणी काढलेलं नाही.

मी आप्पांना विचारलं, "तुमची वही कोणी मागितली तर?"

"दखाडू नको," ते म्हणाले. "वही आपलेसाठे. दुसराले दखाडी, का वजन वाढनं समज."

माझ्या मते वेगाच्या चार्टाचं सगळं शास्त्र यात येतं. तो टीमने स्वतःसाठी ठेवायचा हिशेब आहे: पुढच्या पंधरवड्यात ओटीत किती घ्यावं, एवढ्यापुरता. पंधरवड्यांनी काम करायच्या आमच्या या पद्धतीला स्क्रम म्हणतात; तिच्या अधिकृत मार्गदर्शिकेने २०११ मध्येच टीमकडून घ्यायचं वचन काढून टाकलं आणि त्या जागी अंदाज ठेवला. ती बातमी आमच्या मजल्यापर्यंत पोहोचायची आहे. लिफ्ट बंद असावी.

आमच्या यादीत काही कामं अशी आहेत जी दर पंधरवड्याला उरतात आणि पुढच्यात ढकलली जातात. रिपोर्टच्या पानावरची तारीख बरोबर दाखवणे, हे त्यांतलं सगळ्यात जुनं. करडा खांब उंच होतो तो त्यांच्यामुळेच. कापसात याला फरदड म्हणतात: वेचण्या संपल्या तरी झाड न उपटता पाणी देऊन आणखी थोडा कापूस ओढायचा. कृषी खातं दरवर्षी सांगतं, फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीची पुढची पिढी तिथेच पोसली जाते. आमच्याही जुन्या कामांत बग असेच पोसले जातात. तारखेच्या त्या कामाने आतापर्यंत तीन नव्या कामांना जन्म दिला आहे.

मी मीटिंगमध्ये सुचवलं की वर्षभर रेंगाळलेली कामं सरळ उपटून टाकू. मॅनेजरांना कल्पना फार आवडली. फक्त उपटण्याला किती पॉइंट धरायचे आणि ते कोणत्या पंधरवड्याच्या हिरव्या खांबात दाखवायचे, यासाठी त्यांनी शुक्रवारी एक तासाची मीटिंग ठेवली आहे.