गाडीला ऊन लागलं

आमच्या गाडीचं कुळ मी सांगणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दुखणं चारचौघांत सांगावं, नाव घेऊ नये. एवढंच सांगतो की ती १९८६ सालची आहे, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला आहे, आणि वडिलांनी ती घरी आणली तेव्हा पेढे वाटले होते. अलीकडे ती सुरू झाली की आम्ही वाटतो.

दुखणं मोठं तऱ्हेवाईक. सकाळी सहाला चोक ओढून चावी फिरवली की पहिल्याच झटक्यात सुरू. जळगावहून पाळधी, एरंडोल करत पारोळ्यापर्यंत अशी गुमान जाते की मागच्या सीटवर आत्या घोरायला लागते. पारोळ्याला रसवंतीवर थांबायचं, एकेक ग्लास रस घ्यायचा, आणि परत येऊन चावी फिरवायची, की नुसतं घर्र घर्र घर्र. तेही फक्त एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात तीच गाडी, तोच थांबा, आणि एका चावीत हजर.

एवढ्यावरून शहाण्या माणसाला रोग कळायला हवा होता. पण आमच्याकडे शहाणे कमी, जाणकार फार.

जळगावात तीन मिस्तरी झाले. पहिल्याने बॅटरी बदलली. स्टार्टर घरघर फिरतोय म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, हे मला बिल भरल्यावर सुचलं. दुसऱ्याने प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. तिसऱ्याने कॉइल. बिचाऱ्यांचा तरी काय दोष? गाडी रात्रभर गॅरेजात मुक्कामाला, आणि सकाळी मिस्तरी अंघोळ करून आला की ही त्याच्यासमोर एका चावीत सुरू. डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरतो, तशी गत. "भाऊ, हिला काहीच नाही झालेलं," म्हणत तो माझ्याकडे असा बघायचा, की तपासणी आता माझी करायला हवी.

मग गेल्या मे महिन्यातलं धुळ्याचं लग्न आलं. मुहूर्त साडेबाराचा. गाडीत मी, आमची ही, आत्या आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले तात्या. डिकीत केळीचा घड. पारोळ्याला थांबू नका, असं मी शंभरदा सांगितलं होतं. आत्याला तहान लागली.

खान्देशात बंद पडलेल्या गाडीभोवती माणसं जमायला वेळ लागत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "पेट्रोल शे का, भाऊ?" शे म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा पडतो, पण हार कोणी मानत नाही. एकाने टाकीचं झाकण उघडलं, आत हवा कोंडली असेल म्हणून. दुसऱ्याने पान्याच्या मुठीने पंपाला तीन टोले दिले. दोन पोरं म्हणाली, "धक्का देसूत, बसा तुम्ही." मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसलो. पोरांनी लोटली, त्यांच्याबरोबर आमच्या हिने लग्नातल्या शालूचा पदर खोचून लोटली, मी क्लच सोडला, आणि गाडी एक आचका देऊन जागच्या जागी उभी राहिली. रसवंतीवाल्याने चरकावरचं लिंबू आणून पुढच्या चाकाखाली ठेवलं. मी ते चिरडावं म्हणून गाडी सुरू व्हायला हवी होती, आणि गाडी सुरू व्हावी म्हणून ते चिरडायला हवं होतं.

तात्यांनी मात्र घसा खाकरला. "विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नोकरीला लागले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांतलं एक कुठलं? आपल्या धुळ्याकडचं. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळाचा सायफन! आता नळात हवा अडकली की…" इथवर येईतो श्रोते पांगले होते. तात्यांचं निदान बरोबर होतं, हे महिन्याभराने कळलं. पण निदान सांगायला माणूस १८८४ पासून सुरुवात करत असेल, तर रोगी वाचत नाही.

शेवटी आत्या उठली. "अरे, तिला ऊन लागलंय," म्हणाली, आणि उन्हाचा म्हणून स्वतःच्या बटव्यात बाळगलेला कांदा काढून तिने बॉनेटखाली ठेवला. पाच मिनिटांनी मी चावी फिरवली. गाडी सुरू.

ही गाडी अर्ध्या तासाने आपली आपण बरी होते, हीच सगळी गोम. त्यामुळे शेवटचा हात ज्याचा लागला, त्याचा उपाय रामबाण. आमच्या घरात आजही झाकणवादी, टोलावादी आणि लिंबूवादी असे तीन पंथ आहेत, आणि प्रत्येकाजवळ डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे.

खरा वैद्य धुळ्यात भेटला. वय सत्तरीचं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. सकाळी गाडी बघायलाच तयार नाही. "दुपारी दोनला आणा. गावातून दोन चकरा मारून आणा." आणली. दहा मिनिटं उभी ठेवली, चावी फिरवली, घर्र घर्र. आजारी अवस्थेत तिला पाहणारा हा पहिला मिस्तरी. त्याने एक प्लग काढला, वायर लावून इंजिनच्या अंगावर टेकवला आणि मला स्टार्टर मारायला लावला. निळी ठिणगी, टक टक टक. मग प्लगचं टोक बोटाने पुसून नाकाशी नेलं. कोरडं. पेट्रोलचा वासही नाही. "आग हाये, तेल पोचत नाही." त्याने ओलं फडकं पेट्रोलपंपावर गुंडाळलं. थोड्या वेळाने गाडी सुरू.

पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांनाच उकळायला लागतो, आणि जुन्या गाडीत पंप थेट इंजिनला चिकटलेला. गाडी चालती असते तोवर वारा असतो, ताजं पेट्रोल येत असतं. थांबली की इंजिनची सगळी धग पंपावर. आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा फुगा दाबावा तसा वाफच दाबत बसतो. नव्या गाड्यांचा विजेवरचा पंप टाकीतच, पेट्रोलात बुडालेला असतो, म्हणून त्यांना ही भानगड माहीत नाही.

मिस्तरीने पंपाखाली जाड पॅकिंग घातलं, नळी सायलेन्सरपासून लांब नेली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा केला. बिल बॅटरीच्या दहाव्या हिश्शाइतकंही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम भर दुपारी पारोळ्याला थांबलो. मुद्दाम दोन-दोन ग्लास रस घेतला. चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! मी छाती फुगवून मागे वळून पाहिलं.

"होणारच," आत्या म्हणाली. "कालच बदलला मी."

उतरून बॉनेट उघडलं. मिस्तरीने केलेल्या पत्र्याच्या आडोशाला, बरोबर सावलीत, नवा कांदा ठेवलेला होता.