उभ्या गाडीचे पुरावेकर

रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर टक-टक-टक असा कोरडा आवाज आला की चौथ्या मजल्यावरच्यालाही कळतं, पुरावेकरांची गाडी आजही सेल्फ घेत नाहीये. पुरावेकर कोण, हे सांगत बसत नाही. अप्परपासून गंगाधाम चौकापर्यंत बिबवेवाडीच्या प्रत्येक गल्लीत ते एक तरी असतात, आणि तुमच्या गल्लीत नसतील तर ते बहुधा तुम्हीच आहात. गाडीच्या काचांवर आतून पुढे एक आणि मागे एक असे दोन कॅमेरे, दारावर ‘ही गाडी २४ तास रेकॉर्डिंग करत आहे’ अशी लाल अक्षरांतली सूचना, आणि तोंडात कायम एकच वाक्य: ‘फुटेज आहे आपल्याकडे.’ दूधवाला सव्वासहाला आला की पावणेसातला, यावर दोन घरांत वाजलं, फुटेज आहे. ओला-सुका कचरा एकत्र करून फाटकाशी कोण ठेवतं, फुटेज आहे. पाहुणे ‘निघतो’ म्हणून खाली उतरले आणि चाळीस मिनिटं उभ्याउभ्या बोलत राहिले, तर त्याचंही आहे, आवाजासकट. फक्त ज्या रात्री खरोखर काही घडतं, म्हणजे एखादा टेम्पोवाला मागे घेताना समोरच्या गाडीचा दिवा फोडून पसार होतो, त्या सकाळी पुरावेकर खाली येतात, कार्ड काढतात, लॅपटॉपला लावतात आणि शांतपणे सांगतात की तीन वाजून अकरा मिनिटांपर्यंतचं सगळं आहे. टेम्पो साडेतीनला आलेला असतो. ‘तेवढं सोडून सगळं फुटेज आहे आपल्याकडे.’

यावर शेजारी म्हणतात, कॅमेराच भिकार. पुरावेकर म्हणतात, बॅटरीवाल्यानं जुना माल गळ्यात मारला. माझं म्हणणं असं, की या प्रकरणात यंत्रं सगळी निर्दोष आहेत. बॅटरी उतरते ती एका स्वभावापायी, आणि हे दाखवायला शाळकरी गणित पुरतं. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची, १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. पुढचा-मागचा धरून कॅमेरा सतत चित्रण करत राहिला तर चार-पाच वॅट खातो, म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-तासांच्या आसपास. गाडीचं घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनचा कॉम्प्युटर यांचा मिळून रोजचा एक. झाले दहा. आता पस्तीसच्या पस्तीस काही वापरायचे नसतात. सेल्फ मारायच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ असतात. दोन-चार सेकंद दीड-दोनशे अँपिअरचा दणका द्यायचा आणि इंजिन चालू झालं की लगेच भरून घ्यायचं, एवढ्यासाठी ती घडवलेली. तिला हळूहळू निम्म्याखाली उपसत गेलं की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि दर खेपेला थोडी ताकद कायमची जाते. तेव्हा हाताशी सतरा, खर्च रोजचा दहा. शुक्रवारी रात्री दहाला उभी केलेली, नव्या बॅटरीची गाडी रविवारी दुपारी चारच्या सुमारास निम्म्यावर येते. बॅटरी तीन वर्षांची असेल, तर रविवारची सकाळच तिला जड जाते. टक-टक-टकचा मुहूर्त इतका ठरलेला आहे की तो दिनदर्शिकेत छापायला हरकत नाही.

हे पुरावेकरांना ठाऊक नसतं असं मात्र समजू नये. उपाय त्यांना तोंडपाठ असतात. चहा दिलात तर तुम्हालाही करून टाकतील. कॅमेरा उभ्या गाडीत चालवायचा तर तीन वायरींचं किट लागतं. बहुतेक किटांत पिवळी वायर फ्यूज बॉक्समधल्या कायम चालू असणाऱ्या फ्यूजला, लाल वायर किल्ली फिरवल्यावरच जागा होणाऱ्या फ्यूजला आणि काळी गाडीच्या बॉडीला. लाल वायरीतला करंट गेला की कॅमेऱ्याला समजतं, गाडी लागली, आता पार्किंग मोड. शिवाय किटमध्ये व्होल्टेजचा कटऑफ असतो: १२.४, १२.२, १२.०, ११.८ असे टप्पे, आपण निवडायचे. विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, ११.८ म्हणजे तळ. शहाणा माणूस १२.२ लावतो, वर सहा किंवा बारा तासांचा टायमर लावतो आणि झोपायला जातो. पुरावेकर ११.८ लावतात आणि टायमर बंद ठेवतात, कारण १२.२ ला कॅमेऱ्यानं डोळे मिटले तर उरलेल्या रात्रीचं फुटेज कोण देणार? कटऑफ आपलं काम चोख बजावतो, ११.८ ला कॅमेरा तोडतो; पण तोवर बॅटरीत घड्याळापुरतंच बळ राहिलेलं असतं. पुरावेकरांची एक कडवी शाखा तर वायरमनला सांगून पिवळी आणि लाल, दोन्ही वायरी कायम चालू फ्यूजलाच जोडून घेते. मग गाडी बंद झाल्याचं कॅमेऱ्याला कधी कळतच नाही. त्याच्या समजुतीप्रमाणे मंडळी सलग तीन दिवस प्रवासात असतात, आणि समोरची भिंत काही हलत नाही.

आक्षेप येतो, की सतत कशाला, हालचाल दिसली तरच चित्रण करणारा मोड असतो ना? असतो, आणि तो एखाद्या निवांत बंगल्याच्या आवारात चालतोही. बिबवेवाडीत तो लावणं म्हणजे सतत चित्रणाला दुसरं नाव देणं. रात्री उशिरापर्यंत अप्पर डेपोच्या बसा, पहाट व्हायच्या आत मार्केट यार्डाकडे निघालेले भाजीचे टेम्पो, मधल्या वेळात कुत्र्यांची सर्वसाधारण सभा, आणि या सगळ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फडफडणारा फ्लेक्स. एकटा फ्लेक्स रात्रभर कॅमेरा जागा ठेवतो. भाऊंच्या शुभेच्छांचं इतकं फुटेज भाऊंकडेही नसेल. तिसरा मोड धक्क्याचा. यात कॅमेरा जवळजवळ झोपलेला असतो, नाममात्र करंट घेतो आणि गाडीला धक्का बसला की उठतो. उभ्या गाडीसाठी हाच खरा शहाणपणाचा मोड. पण पुरावेकर म्हणतात, धक्का बसल्यावर उठणारा कॅमेरा म्हणजे चोर गेल्यावर भुंकणारं कुत्रं. वाक्य झकास आहे, त्यात तथ्यही आहे. धक्क्याआधीचे क्षण बऱ्याच कॅमेऱ्यांत हुकतात. तरी ठोकणारा माणूस ठोकल्यावर तिथंच अदृश्य होत नाही. तो गाडी मागे घेतो, वळवतो, आणि त्याच्या नंबरप्लेटसाठी तेवढा वेळ पुरतो. उलट तीन वाजून अकरा मिनिटांनी मेलेल्या कॅमेऱ्याला ना आधीचं दिसतं, ना नंतरचं.

मग पुरावेकर रशियाला जातात. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली ती जगानं पाहिली कशी? डॅशकॅममधून! खरं आहे. रशियात विम्याच्या लबाड्या आणि रस्त्यावरची भांडणं यांपायी लोकांनी आधीच गाडीगाडीत कॅमेरे लावले होते. पण उल्का आली सकाळी सव्वानऊच्या सुमारास, कामावर निघायच्या वेळी, आणि त्या गाजलेल्या चित्रफिती पाहिल्या तर समोरचा रस्ता सरकताना दिसतो. चालत्या गाडीत अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास बॅटरी भरत असतो. तिथं कॅमेरा पोसायला काही लागत नाही. उभ्या गाडीच्या बाजूनं ही साक्ष कामाची नाही. कॅमेऱ्यात स्वतःचा कपॅसिटर आहे, हा पुढचा बचाव. तो शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरताच असतो. कॅमेऱ्यासाठी वेगळी लिथियम बॅटरी बसवतो, हा त्याहून दमदार. त्यानं गाडीची बॅटरी वाचते हे कबूल. पण तीही भरते गाडी चालवल्यावरच, आणि इथं पुरावेकरांच्या प्रकरणातली खरी गोम आहे. त्यांची गाडी चालतच नाही.

गाडी का चालत नाही, तर रस्त्याच्या कडेला, गुलमोहोराखाली, फाटकासमोरची जागा हाती लागली आहे म्हणून. गाडी काढली की पाच मिनिटांत तिथं दुसरी लागते. म्हणून पुरावेकरवहिनी लक्ष्मी रस्त्याला रिक्षानं जातात आणि पुरावेकर स्वारगेटला पीएमटीनं. जागा राखायला गाडी, गाडी राखायला कॅमेरा, कॅमेरा राखायला बॅटरी, आणि बॅटरी गेल्यामुळे गाडी हलत नाही, म्हणजे जागा कायमची राखली. तर्काच्या दृष्टीनं ही व्यवस्था निर्दोष आहे. नुसतं उभं राहणंही फुकट नसतं, हे आपण २०२० मध्ये पाहिलं. २५ मार्चला लॉकडाउन लागला तो पहिल्यांदा २१ दिवसांचा. दिवसाला एक अँपिअर-तास धरला तरी कॅमेरा नसलेली गाडी सतराएक दिवसांत निम्म्यावर येते, आणि त्या उन्हाळ्यात गाड्या बाहेर काढायची वेळ आली तेव्हा जुन्या बॅटऱ्यांनी ठिकठिकाणी हात वर केले. कॅमेरा हेच सतरा दिवस दोनांवर आणतो. बरं, स्वारगेटपर्यंत चक्कर मारून बॅटरी भरेल म्हणावं तर चार किलोमीटर, पाच-सहा सिग्नल, एसी चालू. दोन दिवसांची उपसलेली बॅटरी त्यानं भरत नाही. पूर्वी निदान अप्परच्या उतारावर चार पोरं जमवून, दुसरा गिअर टाकून, ढकलस्टार्ट करता यायचं. आता गाडी ऑटोमॅटिक. इलेक्ट्रिक घेतली तरी सुटका नाही. तिच्यातही एक १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि ती बसली की पोटात शंभर किलोमीटरची वीज असून गाडी जागी होत नाही.

एवढं सगळं मांडल्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो झटकता येत नाही: भीती खोटी आहे का? फेब्रुवारी २०२५ मध्ये याच बिबवेवाडीत टोळक्यानं एका रात्रीत रस्त्याकडेच्या गाड्यांच्या काचा फोडत नेल्या, आणि रिक्षा-टेम्पोवाल्यांची पोटापाण्याची साधनंही त्यातून सुटली नाहीत. अशा सकाळी पुरावेकरांना हसणारी अख्खी सोसायटी त्यांच्या दारात उभी असते. आणि पुरावेकर, हे सांगायला थोडं जिवावर येतं, कुणालाही परत पाठवत नाहीत. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याची स्कूटर कुणी पाडली, हे शोधायला ते दोन-दोन रात्री फ्लेक्सची फडफड बघत बसतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ त्यांनी वाचलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू नोंदवावी लागते, हे ते चौकीत नम्रपणे आणि न थांबता समजावून सांगतात. यात एक गोष्ट अशी आहे, जी त्यांच्या शत्रूंच्याही लक्षात आलेली नसते. कॅमेरा काचेवर आतून चिकटवलेला. त्याला समोरची गाडी दिसते, मागची दिसते, पलीकडची स्कूटर, फाटक, इस्त्रीची गाडी दिसते. दिसत नाहीत ती पुरावेकरांची स्वतःची चार दारं. त्यांच्या गाडीवर डाव्या बाजूनं बंपरपर्यंत किल्लीचा लांबलचक ओरखडा आहे. त्याचं फुटेज नाही. रोजचे नऊ अँपिअर-तास स्वतःच्या बॅटरीतून घालून हा माणूस वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्याच गाड्या राखत आलेला आहे, आणि बदल्यात त्याला मिळतं ते रविवारी सकाळचं हसू आणि नाइलाजानं पुढे केलेली जम्पर केबल.

तेव्हा तोडगा पुरावेकरांइतकाच शेजाऱ्यांनीही अंगावर घ्यायला हवा. पुरावेकरांनी कटऑफ १२.२ ला आणावा, रात्री धक्क्याचा मोड लावावा, लाल वायर जिथली तिथं द्यावी. आणि ज्यांच्या ज्यांच्या स्कूटरी त्यांनी शोधून दिल्या, त्यांनी दर रविवारी दोन-तीन तास त्या स्कूटरी गुलमोहोराखाली आडव्या लावून जागा धरावी. तेवढ्यात कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून सासवडला जाऊन येणं होतं, मोकळ्या रस्त्यावर बॅटरीत बरीचशी भर पडते, आणि वहिनींनाही गाडी आपल्या मालकीची असल्याचं समजतं. जम्पर केबल मात्र डिकीत असू द्यावी. सासवडला पुरावेकर चहाला थांबणार, आणि थांबले की पार्किंग मोड लावणार, पुन्हा ११.८ वर, परगाव आहे, म्हणतील.