पेनड्राइव्हचे हवालदार

सातारा-सांगलीकडील कोणत्याही बऱ्यापैकी कचेरीत, जिथे दहा-बारा संगणक आणि त्यांहून अधिक रबरी शिक्के सुखाने नांदतात, तिथे कोपऱ्यातल्या वातानुकूलित खोलीत एक गृहस्थ हटकून आढळतात. हुद्द्याने ते कनिष्ठ लिपिकच, परंतु खुद्द कार्यालयप्रमुखही त्यांच्यासमोर खिशातला पेनड्राइव्ह चाचरतच बाहेर काढतात.

शिवकालीन किल्ल्यावर सर्व सत्ता एकाच्या हाती नसे. किल्ल्या हवालदाराकडे, जमाखर्च सबनिसाकडे आणि कोठार कारखानिसाकडे, अशी शहाणपणाची वाटणी होती. संगणकही पेनड्राइव्हच्या बाबतीत वाचणे, लिहिणे आणि चालवणे असे तीन निरनिराळे अधिकार मानतो. आमच्या गृहस्थांनी मात्र तिन्ही स्वतःकडे ठेवून इतरांस केवळ अर्ज लिहिण्याचा अधिकार बहाल केलेला असतो, आणि तोही दोन प्रतींत, सकारण, वरिष्ठांच्या शिफारशीसह.

ही तटबंदी अगदीच निष्कारण आहे असे नव्हे. पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छपाई करून परतलेला पेनड्राइव्ह, आतली सारी फोल्डरे अदृश्य करून त्यांच्या जागी शॉर्टकट मांडणारा व्हायरस संगे आणतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. शिवाय २०१० साली उघडकीस आलेला स्टक्सनेट इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातील, बाह्य जगाशी न जोडलेल्या यंत्रांपर्यंत अशाच चिमुकल्या वाहनावरून पोहोचला, ही बखर ते मार्चअखेरीस, ताळेबंद घेऊन तिष्ठत उभ्या असलेल्या लेखापालास सविस्तर ऐकवतात. लेखापाल हुंकार देता देता पडद्याचा फोटो काढून ताळेबंद व्हॉट्सॲपवर रवानाही करतो. परंतु परिपत्रकात मोबाइलचा उल्लेख नसल्यामुळे हा गुन्हा त्यांच्या दृष्टीस पडत नाही.

यथावकाश अशा गृहस्थांचीच बदली साताऱ्याहून सांगलीस होते. आपले दफ्तर एनटीएफएस पद्धतीच्या पेनड्राइव्हवर उतरवून, आपल्यावाचून त्यात कोणासही प्रवेश नाही असा चोख बंदोबस्त करून ते रुजू होतात. सांगली म्हणजे १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झालेला आणि १९६० साली आजचे नाव धारण केलेला जिल्हा, सारांश घरचाच मुलूख. पण संगणकास हे नाते ठाऊक नसते. साताऱ्याच्या यंत्रावरील खाते सांगलीच्या यंत्रास अपरिचित, म्हणून मालकाच्या रकान्यात त्यांच्या नावाऐवजी आकड्यांची लांबलचक मालिका उमटते आणि पुढे ‘प्रवेश नाकारला’ अशी नोंद.

तेथील कोपऱ्यातल्या खोलीतले गृहस्थ चष्म्यावरून पाहत विचारतात, “साहेब, अर्ज आणलाय का?”

मालकी बदलून देणे हे वास्तविक दोन मिनिटांचे काम. परंतु पहिला अर्ज कारण मोघम आहे म्हणून परत येतो, दुसऱ्यावर जावक क्रमांक नसतो, तिसऱ्यावर निर्णय घेणारे साहेब दौऱ्यावर असतात. त्या रात्री आमचे गृहस्थ साताऱ्यास घरी फोन करून, समाधानाने ओथंबलेल्या स्वरात सांगतात, “कचेरी फार चांगली मिळाली हो. इथली माणसं जबाबदार आहेत!”