आयजीच्या जिवावर बायजी उदार

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात दरवर्षी कर्मचारी किती खूश आहेत हे विचारणारा एक सर्व्हे येतो. तो कुणीच भरत नाही असं नाही. ज्यांचा राजीनामा टाइप होऊन तयार असतो, ते अगदी मनापासून भरतात. बाकीचे 'जेवून आलो की भरतो' म्हणतात आणि जेवायला जातात ते पुढच्या वर्षीपर्यंत.

यंदा मात्र एचआरच्या मॅडमनी नामी युक्ती काढली. २ ऑक्टोबरपासूनच्या आठवड्यात देशभर दानउत्सव असतो, तो मुहूर्त धरून मेल आला : प्रत्येक भरलेल्या फॉर्ममागे कंपनी पलीकडच्या गावातल्या शाळेला पन्नास रुपये देणार. मेलमध्ये एका गोड मुलीचा फोटो. खाली ओळ : 'ती तुमच्या क्लिकची वाट पाहतेय.'

आता काय करणार? काल फॉर्म न भरणारा माणूस आळशी होता, आज तो लेकरांच्या तोंडचा घास काढणारा ठरला. लिफ्टशेजारी तक्ता लागला. पाचवा मजला ९१ टक्के, आमचा तिसरा ४३. पाचव्या मजल्यावरची माणसं लिफ्टमध्ये आमच्याकडे अशी बघू लागली, जणू आम्ही त्या शाळेचं छप्परच काढून आणलंय.

गणपतीत मंडळाची पोरं वर्गणीला येतात, तीही दार सोडत नाहीत. पण ती पावती फाडतात आणि जातात. 'काका, घरात तुम्हाला पुरेसा मान मिळतो का? एक ते पाचमध्ये सांगा,' असं विचारत नाहीत.

अकाउंट्समधल्या एका काकांनी डबा उघडता उघडता मला कायदा समजावला. २०१३च्या कंपनी कायद्याचं १३५वं कलम. वर्षाला पाच कोटी नफा कमावणारी कंपनीसुद्धा त्यात येते. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. राहिले तर ते सरकारने ठरवून दिलेल्या निधीत किंवा वेगळ्या खात्यात टाकायचे, तिजोरीत परत ठेवायचे नाहीत. "म्हणजे तू फॉर्म भर, नाहीतर त्याचं विमान करून उडव," काका म्हणाले, "पैसे जाणारच आहेत. फक्त जाता जाता तुझ्याकडून सही घेऊन चाललेत." मग त्यांनी लोणच्याची फोड माझ्या पोळीवर ठेवली. कंपनीच्या दानधर्मापेक्षा तिची चव जास्त वेळ टिकली.

मेलमध्ये आणखी एक आश्वासन होतं : तुमची ओळख संपूर्ण गुप्त राहील. फॉर्म उघडला तर पहिल्याच पानावर विभाग, वयोगट, लिंग, मजला आणि नोकरीची वर्षं. आमच्या विभागात पन्नाशीपुढची बाई एकच. त्यांनी हे पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आडनाव तेवढं का सोडलं?" शिवाय ज्यांनी भरला नाही त्यांनाच बरोबर आठवणीची मेल येते. गुप्ततेला इतकी तल्लख स्मरणशक्ती मी आधी पाहिली नव्हती.

पुढे प्रश्न. 'पूर्ण असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत पाच घरं. ही मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. मधल्या 'तटस्थ' घरात आपला अख्खा मध्यमवर्ग बिऱ्हाड करून राहील, हे त्याला कुठून माहीत असणार? एक प्रश्न असा : 'कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का?' हा गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या प्रसिद्ध बारा प्रश्नांतला, त्यामुळे एचआरला दोष नाही. माझा एक जिवलग होता. मार्चमध्ये त्याला 'नव्या संधी शोधायला' पाठवलं. मी 'तटस्थ'वर टिचकी मारली आणि फॉर्म तसाच सोडून दिला.

खरं तर तो तसाच राहिला असता. पण चार वाजता पॅन्ट्रीतले मामा चहा घेऊन आले. त्यांना हा सर्व्हे आलेला नाही. ते इथे सहा वर्षं चहा देतात, पण कंपनीच्या रोलवर नाहीत, ठेकेदाराच्या आहेत. आमचा जिवलग कोण आणि आम्हाला मान किती, हे जाणून घ्यायला कंपनी पैसे मोजते. मामांना फुकटातसुद्धा कुणी विचारत नाही.

मामांनी कप ठेवला आणि हळूच विचारलं, "सर, तो फॉर्म भरला का तुमी?"

"का हो मामा?"

"नाय, आमची धाकटी त्याच शाळेत हाय. पाण्याची टाकी बसवणार म्हणत्यात. मास्तरांनी पोरांना सांगितलंय, कंपनीवाले साहेब फॉर्म भरत्यात, मग टाकी येती. पोरगी रोज विचारती, भरला का, भरला का."

मी कलम १३५ सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. स्क्रीन पुढे ओढली. माझं काम माझ्या गुणांना न्याय देतं : पूर्ण सहमत. वरिष्ठ माझं ऐकून घेतात : पूर्ण सहमत. मामा ट्रे छातीशी धरून मागे उभे होते, प्रत्येक टिचकीला मान हलवत.

सतरावा प्रश्न होता : 'या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला समान वागणूक मिळते.'

"काय अडलं का, सर?" मामांनी विचारलं.

"काही नाही," म्हणालो, आणि पूर्ण सहमत झालो.