सुझुकीचे घरजावई आणि वाड्यातली मारुती

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीजवळ या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. ती सुझुकी आहे ना, आपल्या मारुतीची सुझुकी हो, त्या घराण्यात कारभार वर्षानुवर्षं घरजावयांच्या हाती होता! खोटं नाही सांगत. ओसामू सुझुकी, कंपनीचे धनी, म्हातारे २०२४ च्या नाताळच्या दिवशी गेले बघा, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, ते मुळात सुझुकी नव्हतेच. मात्सुदा! बँकेत नोकरी करणारा साधा मुलगा. १९५८ साली सुझुकींच्या नातीशी लग्न केलं आणि आडनाव बदललं. बायकोचं नाही, स्वतःचं! आपल्या सोनगीरला कुणी असं केलं असतं तर बसस्टँडवरच्या टपरीला वर्षभर विषय पुरला असता.

आणि त्यांचे सासरे शुंझो, त्यांचं काय? तेही घरजावईच! कंपनी काढणाऱ्या म्हाताऱ्या मिचिओ सुझुकींनी आधी लेकीचा नवरा घरात घेतला, मग त्या जावयानं आपल्या लेकीचा घेतला. तिकडे तशी रीतच आहे म्हणा. धंदा सांभाळायला लायक माणूस हवा, तो पोटचाच पाहिजे असं काही नाही. इकडे मात्र घरजावई म्हटलं की लोकांचे ओठ लगेच वाकडे. आपल्या वाड्यातल्या दाजींना काय कमी ऐकावं लागलं का! हो, त्यांच्याचकडे येतेय मी. त्याच वाड्यात परवा अखाजीला, अक्षय्य तृतीयेला हो, जे झालं ना… पण थांबा, आधी हे पूर्ण होऊ द्या, नाहीतर ती मजा कळायची नाही.

तर काय सांगत होते… मिचिओ. कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा, हमामात्सूकडचा. तो मुलूखही आपल्या खान्देशासारखाच कापसाचा, मागांचा. सुतारकाम शिकलेला पोरगा, आईसाठी त्यानं पायानं चालवायचा लाकडी माग करून दिला. आईचं काम हलकं झालं, ते पाहून शेजारणी म्हणाल्या असतील, आम्हालाही दे बाबा. १९०९ साली मागांचा कारखानाच टाकला. कार-बीर तेव्हा कुणाच्या स्वप्नात नव्हती. आणि एक गंमत सांगू? ते टोयोटावाले, ज्यांच्या इनोव्हात बसून आपले पुढारी धुरळा उडवत जातात, तेही आधी मागवालेच. अमळनेरला प्रताप मिल आपल्याकडेही होती की! पण आपण सूत कातत बसलो, आणि ते पोचले कुठल्या कुठे. जाऊ द्या, तो दुखरा विषय आहे.

लढाईनंतर जपानात कापसाच्या धंद्याला उतरती कळा लागली. मग १९५२ साली सायकलला इंजिन लावून विकलं, १९५५ ला पहिली छोटी कार काढली, सुझुलाइट. छोटीच हं! मोठं काही करायची त्यांची हौस कधी नव्हतीच. आणि ओसामू तर असे चिकट, की आपल्याकडचे व्यापारी त्यांच्यापुढे उधळे वाटतील. एवढ्या मोठ्या कंपनीचे धनी, पण विमानात साध्या डब्यातून जायचे. एसीचा खर्च वाचावा म्हणून कारखान्याचं छतच खाली घ्यायला लावलं! स्वतःला म्हणवून घ्यायचे, मी छोट्या कंपनीचा म्हातारा आहे. पुस्तकाचं नावही तसंच ठेवलं.

आता आपल्याकडचं तर तुम्हाला माहीतच आहे. संजय गांधींनी १९७१ साली मारुती काढली, पण रस्त्यावर गाडी काही येईना. १९८० ला ते गेले, मग पुढच्या वर्षी सरकारनं मारुती उद्योग म्हणून ती उभी केली आणि जोडीदार शोधायला माणसं जगभर निघाली. कृष्णमूर्ती आणि भार्गव. जपानात सगळ्यांची दारं वाजवून झाली. तिथल्याच दाइहात्सू कंपनीशी बोलणी चाललीत अशी कुणकुण मासिकापर्यंत पोचली, आणि विमानात ते मासिक चाळता चाळता सुझुकीच्या एका माणसानं वाचली म्हणे! ताबडतोब घरी निरोप धाडला. एवढुशा बातमीवर केवढी सोयरीक जमली! बाकीच्या बड्या कंपन्यांनी खालचे साहेब पुढे केले, इथे मात्र खुद्द ओसामू बोलायला बसले. २ ऑक्टोबर १९८२ ला करार. सुझुकीचा वाटा सव्वीस टक्के, बाकी सरकार. त्या दाइहात्सूवाल्यांचे चेहरे कसे उतरले असतील, हे मला इथे बसून दिसतं.

आणि म्हणे कारखान्यात पहिला नियम काय, तर साहेब आणि कामगार एकाच कँटीनमध्ये जेवणार, एकच युनिफॉर्म घालणार. दिल्लीकडचे ते साहेब लोक! ट्रे हातात धरून रांगेत उभे राहताना कशी तोंडं झाली असतील…

मग १४ डिसेंबर १९८३. संजयचा वाढदिवस. इंदिराबाईंनी स्वतः पहिल्या मारुतीची किल्ली दिली, इंडियन एअरलाइन्समधल्या हरपाल सिंगांना. सोडतीत नाव निघालं होतं त्यांचं. किंमत ४७,५०० रुपये! आता तेवढ्यात धड मोटरसायकल येत नाही. बुकिंगला दहा हजार आधी भरायचे आणि मग वाट बघत बसायचं. पण हरपाल सिंगांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही हो. २०१० ला ते गेले, तोवर दारातच. नंतर कंपनीनं ती पुन्हा नवीकोरी करून आपल्या ऑफिसात मांडून ठेवली. एकदा मारुती घरात आली की माणसाचा जीव तिच्यात अडकतोच. आणि इथेच आपला वाडा येतो.

तर वाडा. तांब्यापितळेवाल्यांचा, दुसरा कुठला. दाजींचे सासरे होते तेव्हा दारात अँबेसेडर. जावई पारोळ्याकडचे, एकटेच होते, दुकानात मदतीला म्हणून आले आणि राहिले. सासऱ्यांचे दोन मुलगे शिकले ते पुण्याला गेले, हंडे-कळशा ठोकणाऱ्यांचे हिशोब कोण बघणार? दाजीच. एक दिवस दाजींनी धुळ्याच्या एका डॉक्टरांची वापरलेली मारुती आठशे आणली. पांढरी. डॉक्टरांची गाडी म्हणजे सिंगल हँड, तुम्हाला कळतंच. आजी, म्हणजे दाजींच्या सासूबाई, ओट्यावर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, ‘माय वो, हाई गाडी शे का डबी?’ अख्खी गल्ली हसली. सासरे तर आठ दिवस बसलेच नाहीत तिच्यात. म्हणे गुडघे कानाला लागतील.

पण दाजी शांत. ती कार्बोरेटरवाली गाडी, डॅशबोर्डला चोकची खुंटी. थंडीत पहाटे दाजी ती खुंटी ओढायचे, किल्ली फिरवायचे, इंजिन थोडं खोकायचं, मग एका लयीत लागलं की खुंटी बोटभर आत, अजून बोटभर, अगदी हळू. तो आवाज गल्लीला पाठ. दाराचीही एक रीत. आपटायचं नाही, टेकवून लोटायचं. नवा पाहुणा बसला आणि जोरात दार लावलं की दाजी काही बोलायचे नाहीत, फक्त डोळे मिटायचे. अहो, सुनेनं काचेचा ग्लास आपटला तर सासू मिटते ना, तसे!

आणि चालवून चालवून किती! इंजिन ते जेमतेम ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर. बिजासनीला जाताना घाट लागला की एसी बंद, खिडक्या खाली, सगळ्यांनी श्वास धरायचा. सगळे आठशेवाले तसंच करायचे, त्यात लाज कसली. पण पोचायची. पाच माणसं, वरणबट्टीचा डबा, आणि डिकीत परात नि दोन तपेली, तिकडच्या गिऱ्हाइकाची. दुकानासाठी नंतर व्हॅन घेतली ती वेगळी, ओम्नी. गॅस किट बसवलेली. तिचं ते सरकतं दार उघडलं की अर्ध्या गावाला कळायचं की शहाद्याच्या बाजाराला माल निघाला. पुढच्या सीटखालीच इंजिन, त्यामुळे आपल्या मे महिन्यात पुढे बसायला कुणी भांडत नसे, एवढं खरं! सिनेमावाल्यांनी मात्र त्या गाडीची काय बदनामी केली. प्रत्येक पिक्चरमध्ये पोरी पळवायला तीच. इथे लेकी सासरी धाडल्या तिच्यात. २०१९ ला तीही बंद झाली, आठशे तर २०१४ लाच.

अरे हो, सुझुकींकडचं एक राहिलंच. ओसामूंना पुढचा कारभारही जावयाच्याच हाती द्यायचा होता. हिरोताका ओनो, सरकारी मोठा अधिकारी, नोकरी सोडून सासऱ्याच्या कंपनीत आला. सगळं ठरलेलं. आणि २००७ मध्ये गेला बिचारा, अवघा बावन्न वर्षांचा, कॅन्सरनं. त्याच वर्षी आपल्या सरकारनं म्हाताऱ्यांना पद्मभूषण दिलं होतं. एका हातात मान, दुसऱ्या हातात… काय म्हणायचं. मग २०१५ ला मुलगा तोशिहिरो अध्यक्ष झाला. म्हातारे गेल्यावर २०२५ ला सरकारनं त्यांना पद्मविभूषणही दिलं. याच सरकारशी १९९७ मध्ये मारुतीचा मॅनेजिंग डायरेक्टर कोण यावरून केवढं वाजलं होतं, थेट लवादापर्यंत! पण पाच वर्षांत सुझुकीचा वाटा अर्ध्याहून वर गेला, म्हणजे घर कुणाचं ते कळलंच. पाहुणा म्हणून आलेला माणूस चुलीपर्यंत कधी पोचतो ते घरच्यांना शेवटी कळतं. मी नाव घेत नाही हं कुणाचं.

तर अखाजी. पुण्याहून दोघे मुलगे आले, थोरल्याची गाडी एवढी मोठी की गल्लीत वळेचना. टोलनाक्यापर्यंत ऐटीत आले आणि शेवटी गाडी बाहेर आग्रा रोडच्या कडेला लावून, पिशव्या हातात घेऊन उन्हातून चालत! थोरल्या सूनबाईंचा मेकअप… मी खिडकीत होते, मुद्दाम नव्हे. आणि दारात काय उभं? ती आठशे, पुसून लख्ख, हळदीकुंकू लावलेली. झालं. जेवणं चालू आहेत, मांडे पानात, आमरस वाटीत, आणि थोरला म्हणतो, ‘आई, ही गाडी आता मोडीत काढू या. नव्या नियमानं स्क्रॅपला देता येते, जागा तरी मोकळी होईल.’

पितळेच्या दुकानवाल्यांच्या घरात मोडीची भाषा! जिथे लोक जुनं भांडं मोड म्हणून घालतात, तिथे हा आईला मोड सांगतोय. दाजी खाली मान घालून आमरस खात होते. दाजींची बायको म्हणजे थोरल्याची बहीण, तिनं वाढता वाढता डाव तसाच धरला हवेत. धाकटा म्हणाला, अरे राहू दे ना. तर थोरल्या सूनबाई, ‘राहू दे काय? वाटणीच्या यादीत तीही धरावी लागेल, बाबांच्या नावावरची वस्तू आहे.’ हे मला त्यांच्या भांडीवालीनं सांगितलं, तिनं कानांनी ऐकलेलं, म्हणजे खरंच.

आजी काही बोलल्या नाहीत. ताटातला मांडा संपवला, हात धुतला, पदराला पुसला, आत गेल्या. सगळ्यांना वाटलं रुसल्या. आल्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं गाडीचं आरसी बुक घेऊन. थोरल्याच्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, ‘गाडी मन्ही शे.’

अहो, बाबांनीच लावलेलं नाव ते! जे आठ दिवस बसले नव्हते ना, त्यांनीच नवव्या दिवशी दाजींना धुळ्याला पाठवलं आणि म्हणाले, हिच्या नावावर कर, मुलांचा भरवसा नाही. ऐकलंत? आणि पंधरा वर्षं भरल्यापासून दर पाच वर्षांनी रिन्यूअल, ग्रीन टॅक्स, तपासणी, सगळं चालूच आहे. दाजी आजींना घेऊन धुळ्याला जायचे, आणि आजी पुण्याला फोनवर सांगायच्या, डोळे दाखवायला गेले होते! दोघे मुलगे इतकी वर्षं विचारतायत, आई, मोतीबिंदू पिकला का.

थोरल्या सूनबाईंचा चेहरा असा झाला म्हणे, की मांड्याची घडी तोंडापर्यंत जाऊन परत आली. थोरला आरसी उलटसुलट करून बघतोय. आणि धाकटा काय म्हणतो, ‘दाजी, चोक अजून आहे का हो? एक चक्कर मारू?’ दाजींनी किल्ली काढून दिली, एवढंच म्हणाले, दार लोटायचं. तो गेला किल्ल्याच्या बाजूला, आला अर्ध्या तासानं, लहान पोरासारखा हसत. त्याची बायको आता त्याच्याशी बोलत नाहीये, पण ते वेगळ्या कारणानं, सांगेन नंतर.

निघताना थोरल्यानं जरा खाकरून विचारलं म्हणे, ‘आई, मग पुढचं रिन्यूअल कधी?’

आजी ओट्यावर बसून सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘जवाईबापूले विचार.’