वरचा एक इंच

"आर्वीला चाललोय," असं पुण्यात म्हटलं की समोरचा विचारतो, "नारायणगावच्या अलीकडे की पलीकडे?" त्याचाही दोष नाही. जुन्नर तालुक्यात एक आर्वी आहे. १९७२ साली तिथे उपग्रहांशी बोलणारं विक्रम भूकेंद्र सुरू झालं आणि सगळं कौतुक तिच्या वाट्याला गेलं. माझी आर्वी वर्धा जिल्ह्यातली. ती उपग्रहाशी बोलत नाही. जावयाशी बोलते, आणि थांबत नाही.

साळेबुवांचा फोन आला तेव्हा मी बेसावध होतो. "भाऊजी, आपल्या इथं कॉलेजच्या पोरायचे सामने हायेत. चॅम्पियनशिप! येऊनच जा."

"क्रिकेट?"

"छ्या! आट्यापाट्या."

आट्यापाट्यांबद्दल माझं ज्ञान पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही मराठी माणसाइतकंच होतं. म्हणजे लहानपणी खूप खेळलोय हे पक्कं, आणि नेमकं काय खेळलो ते विचारलं की, "पाट्या असायच्या, आणि आपण पळायचं." या खेळाचं १९८२ पासून राष्ट्रीय फेडरेशन आहे, हेही मला साळेबुवांनीच त्या फोनवर सुनावलं.

महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर अंग आंबवून पुलगावला उतरलो. इथून आर्वी ३५ किलोमीटर. एके काळी हे अंतर कापायला पुलगाव-आर्वी अशी नॅरोगेज गाडी होती. किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीच्या कारभारातली, १९१७ सालची, यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या 'शकुंतले'ची सख्खी बहीण. कपाशी वाहून न्यायला रूळ टाकले होते. माणसं आपली उरलेल्या जागेत. माझे सासरे तिच्याबद्दल फार आदराने बोलायचे. "त्या गाडीत बसून म्हातारा झालेला माणूस मी पायला नाही," असं म्हणून थोडं थांबायचे, "पण काळजी वाटे."

आता एसटी. माझ्या मांडीवर एका आजीबाईंनी संत्र्यांची पिशवी ठेवली, विचारलं काही नाही. पुढल्या तीन थांब्यांत माझं गाव, धंदा, मुलंबाळं आणि पुण्यात भाकर मिळते का, एवढी चौकशी पुरी झाली. उतरताना त्यांनी दोन संत्री हातावर ठेवली. ते मांडीचं भाडं असावं.

आर्वीला जुने लोक 'तेलंगरावची आर्वी' म्हणतात. गाव वसवणारे तेलंगराव वली हे हिंदूही आपले म्हणतात आणि मुसलमानही. दोन्ही संघांनी एकाच गड्यावर हक्क सांगावा असं भाग्य फार थोड्यांना लाभतं. मला तर अख्ख्या जन्मात एकाही संघाने मागितलं नव्हतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

स्टँडवर साळेबुवांनी तर्रीपोहे खाऊ घातले. घरी सासूबाईंनी, बाहेरचं खाल्लं असेल म्हणून पोट बिघडू नये यासाठी, पुन्हा पोहे दिले. मग मैदान.

चुन्याच्या रेषा आखून झाल्या होत्या आणि एक मुलगा टेप धरून त्या पुन्हा मोजत होता. मधोमध उभी सूरपाटी, ८९ फूट १ इंच. तिला छेदणाऱ्या नऊ आडव्या पाट्या, प्रत्येक २३ फूट १ इंच. पाटीची रुंदी १ फूट १ इंच. मी साळेबुवांना विचारलं, "हा वरचा एक इंच कशाला?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "भाऊजी, तुमाले लग्नात आहेर १०१ रुपयेच आला होता न? थो वरचा रुपया कायले होता?"

यावर पुण्यात उत्तर नाही.

नऊ गडी पाट्या धरतात, नऊ त्या फोडतात. पाटी धरणाऱ्याने आपल्या रेषेवरच आडवं पळायचं, पाटी सोडायची नाही. एकाला तेवढी सूरपाटीवरूनही धावायची मुभा. सात मिनिटांचा डाव. चेंडू नाही, बॅट नाही, काठी नाही. साहित्याच्या खर्चात फक्त चुना, आणि तोही खेळात एकमेकांना लावायचाच असतो. कारण या खेळाचा जीव आहे हूल. खांदा डावीकडे, डोळे डावीकडे, पाय उजवीकडे. जो मनातलं चेहऱ्यावर येऊ देतो तो मेला. हा खेळ राजकारण्यांत इतका लोकप्रिय कसा नाही, हे मला कळत नव्हतं. मग लक्षात आलं की इथे पाटी सोडली की बाद धरतात.

मी संथ काहीतरी बघायला मिळेल या समजुतीने शेंगा घेऊन बसलो होतो. शेंगा तशाच राहिल्या. एक काटकुळा मुलगा पाटीसमोर उभा राहून नुसता थरथरला. होय, थरथरला. पाटीवरचा दांडगा गडी त्या थरथरीला भुलून वीतभर डावीकडे झुकला आणि तेवढ्यात काटकुळा पलीकडे. एका जागी उभं राहून माणसाला इतकं दमवता येतं हे मी लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

मग वाद. हात लागला की शर्ट लागला? पंच म्हणाले, लागला. मुलगा म्हणाला, "सर, शर्ट माह्या भावाचा हाय, ढिला हाय. शर्ट बाद, मी नाई." पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं. तेवढ्यात माइकवरून घोषणा झाली की ज्या संघाचं जेवण राहिलंय त्यांनी हरल्यावर लगेच यावं, वरण गार होत आहे.

त्या काटकुळ्याला नंतर गाठलं. हा खेळ का निवडलास? मला मातीची ओढ, देशी परंपरा वगैरे अपेक्षित होतं. लेखात बरं दिसतं. तो म्हणाला, "काकाजी, केंद्र सरकारच्या नोकरीसाठी खेळाडूयची यादी रायते न, त्यात आट्यापाट्या हाय. क्रिकेटमध्ये अकरा जागेले अर्धा देश उभा. इथं गर्दी कमी हाय." इतकं सरळ उत्तर देणारा मुलगा मैदानावर इतका खोटारडा कसा, याचंच नवल वाटलं.

साळेबुवांना मात्र परंपरेची मुळीच टंचाई नव्हती. त्यांनी आधी बाजूच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक काढलं, १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जाऊन देशी खेळ दाखवून आलेलं. तिथून ते थेट द्वापरयुगात गेले. वर्धा नदीपलीकडे कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. "रुक्मी पाटी धरून उभा, शिशुपाल पाटी धरून उभा. कृष्णानं हूल देल्ली आन् रुक्मिणी घेऊन पार! पयला चॅम्पियन थोच."

"पण लोण कुठे आणलं? पाट्या फोडून परत यावं लागतं ना? कृष्ण तर द्वारकेला गेला."

साळेबुवा क्षणभरही अडले नाहीत. "म्हणूनच म्हणतो, जवायानं सासुरवाडीले परत याचं असते. दिवाळीले येऊन राह्यले न?"

अंतिम सामन्याआधी 'माजी खेळाडू विरुद्ध पाहुणे' असा एक गमतीचा डाव ठेवला होता. पाहुणे आठच भरले. नववा मी. अखेर एका संघाला माझी गरज पडली! समोर पहिल्या पाटीवर एक निवृत्त मुख्याध्यापक, धोतराचा काचा मारून. या पहिल्या पाटीला कपाळपाटी म्हणतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी सावध झालो असतो. मी काटकुळ्यासारखा थरथरलो. मुख्याध्यापक जागचे हलले नाहीत; चाळीस वर्षं थरथरणारी पोरंच बघत आलेले ते. मग मी डावीकडे बघून उजवीकडे झेपावलो आणि थेट त्यांच्या तळहातावर जाऊन थांबलो. "या जी," ते म्हणाले. एवढ्या आदराने मला आजवर कुणी बाद केलं नव्हतं.

काटकुळ्याचा संघ जिंकला. करंडक चांगला हातभर उंच होता. त्याच्या टोकावर एक सोनेरी पुतळा कव्हर ड्राइव्ह मारत होता. दुकानात दुसरा नव्हताच म्हणे.

संध्याकाळची गाडी पुलगावहून पकडायची होती. पिशवी उचलली, मागच्या दाराने निघण्याची हूल दिली आणि पुढच्या दाराकडे वळलो. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीला. "गोळाभात झाला हाय."

"आई, गाडी…"

"गाडी उद्या बी हाय."

मी डावीकडे बघितलं. त्याही डावीकडेच सरकल्या, पण पाय उंबऱ्यावरच.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी हातात पाकीट ठेवलं. एसटीत बसल्यावर उघडलं: शंभराची नोट, आणि पाकिटालाच चिकटवलेला एक रुपया.